पाणी मागून आलं

ज्यांचं मी सर्वांत जास्त देणं लागतो त्या कमल शेटे बाई गेल्या. गेवराईहून त्यांच्या भाच्याचा, महेशचा फोन आला तेव्हा मी संभाजीनगरला ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो, कारण बाईंनी दंडाला धरून चढवलं. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. पण बाई आठवल्या की रडू येण्याआधी डोळ्यांपुढून एक निळं कापड धावत जातं...

आमचं गाव माजलगाव आणि धारूरच्या मधे, डोंगराच्या पायथ्याला. पुढून नदी, पाठीमागून ओढा. बाई शाळेत इतिहास शिकवायच्या. पुस्तकातल्या लढायांपैकी एकही आमच्या गावाजवळून गेली नव्हती. आमच्याकडे आले ते दुष्काळ, पूर, गारपीट आणि भिंतींना तडे देऊन गेलेला भूकंप. बाईंनी तेच गॅदरिंगच्या स्टेजवर आणलं. दुष्काळाला मुली रिकाम्या घागरी घेऊन नुसत्या बसायच्या, तोंडातून शब्द नाही. मग प्रेक्षकांतूनच कुणीतरी विचारायचं, "टँकर येतोय का जाऊ घरी?" गारपिटीला आम्ही बत्तासे उधळायचो आणि खालची पोरं त्यावर तुटून पडायची. भूकंपाला चार पोरं बाकांखाली शिरून स्टेज हलवायची. एका वर्षी ते खरोखरच मोडलं आणि त्या वर्षी टाळ्या सर्वांत जास्त पडल्या. पुराला होतं गणवेशाचं उरलेलं लांबलचक निळं कापड, बाईंच्या भावाच्या दुकानातलं. मी सातवीत असताना त्याचं पुढचं टोक माझ्या हाती आलं. आनंदानं मला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

स्टेजच्या उजवीकडून, नदीच्या बाजूनं, मी कापड घेऊन सुटलो. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून काशीआजी उभी राहिली. मोठा पूर डोळ्यांनी पाहिलेल्यांपैकी ती एक होती.

"ए पोरा, थांब. कुठून आणायलास पानी?"

बाई विंगेतून पुढं आल्या. "काय चुकलं, आजी?"

"नदीकून न्हाई आलतं ते. नदी बघायला समदं गाव काठावर जमलतं. आमी तिच्याकडं बघत बसलो अन् पाठीमागून वढा आला. अन् पानी निळं कुठं असतंय गं बाई?"

हशा पिकला. पुढच्या खुर्चीवरचे आबासाहेब मात्र हसले नाहीत. ओढ्याकाठची जमीन त्यांची होती आणि तिथं नुकतेच प्लॉट पाडले होते. "म्हातारीचं काय ऐकता? नदीच व्हती ती," ते म्हणाले. त्यावर आजी म्हणाली, "आबा, तुमचे वडील वढ्याकाठच्या लिंबावर अडकून बसलते. त्यांना शेंगा आमीच वर फेकल्या."

बाईंनी प्रवेश तिथंच थांबवला. माझ्या खांद्यावर कापड टाकून म्हणाल्या, "जा, सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहा. मी हात केला की ये." मी आलो. लोकांच्या डोक्यांवरून, टोप्या पाडत, पदर ओढत. सगळे स्टेजकडे बघत होते आणि पाणी त्यांच्या पाठीवर आलं. बायका किंचाळल्या, माणसं पाय वर घेऊन बसली. मग बाई माईकवरून म्हणाल्या, "आता उठा, त्या वेळी गेला होतात तसं जिनच्या ओट्यावर चला." जुन्या सरकीच्या कारखान्याचा तो उंच ओटा शाळेला लागूनच आहे. अख्खं गाव हसत, ढकलाढकली करत तिथं चढलं. असलं नाटक मी पुन्हा पाहिलं नाही.

जाताना आबा बाईंना म्हणाले, "नाटक करा, पण पान्याला वाट दाखवू नका."

"आबा, मी काय दाखवणार? ते माझ्यापेक्षा जुनं आहे गावात."

पुढच्या वर्षापासून आबांनी मांडव देणं बंद केलं. गॅदरिंग उघड्यावर झालं, पण पाणी मागूनच आलं. बाई निवृत्त होऊन गेवराईला गेल्या, तरी पोरांनी तो प्रवेश सोडला नाही. दरम्यान ओढ्याकाठी वस्ती झाली. जागा तेवढीच परवडली, म्हणून आमच्या आईनंही तिथंच दोन खोल्या बांधल्या. बाईंनी मला कॉलेजला घातलं, नोकरीच्या अर्जावर शिफारशीची सही करताना उलटसुलट प्रश्न विचारून घामटं काढलं, पण भेटलो की पहिलं विचारायच्या, "आईला पावसात ओढ्याकडं तोंड करून बसायला सांगितलंस ना?" बाईंना हीच एक काळजी होती, की ते दुसऱ्यांदा होईल तेव्हा गाव पुन्हा नदीच बघत बसेल.

गेल्या पावसाळ्यात ते झालं. बाईंना फोनवर ऐकू येईनासं झालं होतं, म्हणून मी पत्र लिहिलं आणि त्याबरोबर एक पार्सल पाठवलं. उत्तर आलं नाही. परवा गेवराईला गेलो तेव्हा महेशनं त्यांच्या खोलीतलं कपाट उघडलं. पार्सलमधलं मातकट कापड घडी घालून ठेवलं होतं. चारी कडा हातानं दुमडून शिवलेल्या, आणि एका टोकाला मुठीत धरायला कापडाची कडी. पोराच्या मुठीला ती मोठी होती. महेश म्हणाला, "मापाला आत्यानं माझा हात घेतला. कावून, ते काही सांगितलं न्हाई." घडीतच माझं पत्र होतं. ते इथं देतो.

"आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार.

बाई, पाणी मागून आलं. दुपारी नदी फुगली म्हणून गाव मोबाइल घेऊन पुलावर गेलं होतं. आई एकटी दारात, नदीकडे पाठ करून. ओढ्याचा रंग बदलला तशी ती ओरडत सुटली. गल्लीतली पोरं तर तयारच होती, 'ओट्यावर चला, ओट्यावर चला' म्हणत त्यांनी म्हाताऱ्यांना उठवलं. आमच्या खोल्या गेल्या. वस्तीतलं माणूस एकही गेलं नाही.

आबाही ओट्यावर होते, सदऱ्यावर चिखल. आईला म्हणाले, 'बाईंना कळवा, औंदा मांडव माझा.' आई म्हणाली, 'आधी खाली उतरा तर.'

काशीआजीचं दुसरंही खरं निघालं. पाणी निळं नसतं. सोबत मातकट कापड पाठवतोय. गॅदरिंगला तुम्ही यायचंच. टोक कुणाच्या हातात द्यायचं ते तुम्ही ठरवा. मला दिलंत, तर मी रजा टाकून येतो."