आण्णांचं 'नामंजूर'

आण्णांनी आयुष्यात कुणाच्या दाराची कडी वाजवली नाही. बोळाच्या तोंडाशी उभं राहायचं आणि हाक मारायची, एवढंच त्यांना ठाऊक. शिवाजी पेठेत आमची घरं समोरासमोर, खाली माझं औषधांचं दुकान. सकाळी "सुरेशाऽ" अशी हाक आली की माझ्या हातातली बाटली हलायची आणि मागच्या गल्लीतला आणखी एक सुरेश 'ओ' देत बाहेर यायचा. बायकोला ते 'अगं ए' म्हणत. नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. शालनवहिनी रोज बजावायच्या, "हळू बोला की. पेठ ऐकालीय." त्यावर आण्णांचं उत्तरही ठरलेलं, "ऐकू दे की. चोरी करालोय व्हय?" हे सगळं मला समोरून शब्द न् शब्द ऐकू यायचं, कारण घरात बोलतानाही आण्णा सभेतच असायचे.

आण्णा नगरसेवक होते आणि जवळजवळ सगळा काळ विरोधी बाकावर बसले. सत्तेचा त्यांना तिटकारा होता अशातला भाग नाही, ती वाट्याला आली नाही इतकंच. सभागृहात प्रत्येकापुढे माईक असतो. आण्णा तो हातानं बाजूला सारायचे. "माईक ज्येला आवाज न्हाय त्येला," म्हणायचे. फुटबॉलच्या मैदानावर कडेला उभे राहून ते ओरडले की दोन्ही बाजूंच्या गोलकीपरना वाटायचं, आपल्यालाच ओरडले.

त्याच आवाजानं त्यांचा एकदा घात केला. पाणीपट्टी वाढवायचा ठराव होता. असे ठराव बहुधा आवाजी मतदानानं होतात. महापौर 'मंजूर?' म्हणून विचारतात, सत्ताधारी बाकांवरून 'मंजूर, मंजूर' असा गलका उठतो आणि पुढचा विषय सुरू होतो. त्या दिवशी आण्णा उठून जिवाच्या आकांतानं 'नामंजूर' ओरडले. गलक्यात आधीचा 'ना' बुडाला आणि 'मंजूर' तेवढं वर आलं. प्रेक्षकांच्या सज्जात बसलेल्यांनी पेठेत येऊन सांगितलं की सगळ्यात मोठ्यानं मंजूर म्हणाले ते आण्णाच. दुसऱ्या दिवशी डेअरीपुढं एका म्हातारीनं त्यांना विचारलं, "आण्णा, तुमी बी त्यांच्यातलंच व्हय?" हा घाव त्यांना फार लागला. तेव्हापासून पहाटे रंकाळ्यावर फिरायला गेले की ते नुसता 'ना' लावायचे, लांबलचक, पार दम संपेपर्यंत. फिरायला येणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा उतारवयात गाणं शिकतोय.

मग घरफाळ्याचा ठराव आला. बाकीच्या महाराष्ट्रात घरपट्टी म्हणतात, आमच्याकडे घरफाळा. नव्या पद्धतीत, घर भाड्यानं दिलं तर किती भाडं येईल त्यावर आकारणी होणार होती. पेठेतली माणसं बापजाद्यांच्या दोन-तीन खोल्यांत राहणारी. आसपासचे भाव चढले म्हणून त्यांच्या घराची किंमत कागदावर चढली, मिळकत होती तिथंच राहिली. आण्णा कोपऱ्या-कोपऱ्यावर उभे राहून सांगू लागले, "घर माझं, बूड माझं, आन् त्या बुडाखालच्या जागंचं भाडं ह्यांनी ठरवायचं. म्हंजे मी माझ्याच घरात भाडेकरू. मग मालकानं येऊन जरा कौलं तरी परतून जावीत की." लोक हसायचे आणि हसून झालं की घरी जाऊन जुनी पावती काढून बघायचे.

त्याच सुमारास त्यांचा घसा बसला. मी ज्येष्ठमध दिलं, खडीसाखर दिली, चघळायच्या गोळ्या दिल्या. माझा स्वभाव मुळात घाबरट. औषधं विकता विकता जगातल्या सगळ्या दुखण्यांशी ओळख झालेली, त्यामुळे कुणी साधं खाकरलं तरी माझ्या मनात नको ते येतं. बसलेला आवाज उठायचं नाव घेईना, तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढतच घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आत दुर्बीण घालून पाहिलं, गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि मला ज्याची भीती होती तेच निघालं.

डॉक्टर म्हणाले, "आत्ता लगेच सुरुवात केली तर किरणांवर भागेल. आवाज वाचेल. थांबलात तर स्वरयंत्रच काढावं लागेल."

"ती किरणं घेताना सभेत बोलायला येतंय न्हवं?" आण्णांनी विचारलं.

"अजिबात नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"मग सोमवारी आमची सभा हाय, ती झाली की येतो."

सोमवार जवळच होता, म्हणून डॉक्टरांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर आण्णा मला म्हणाले, "घरात सांगू नगंस. सोमवारपतोर कळ काढ."

सोमवारची सभा गणपूर्ती नाही, म्हणजे पुरेसे सदस्यच आले नाहीत, म्हणून तहकूब झाली. लोक चिडलेले दिसल्यावर सत्ताधारी सावध झाले होते. राग जरा निवला की ठराव उरकून घ्यावा, असा त्यांचा बेत दिसत होता. पुढची तारीख एका माजी सदस्यांच्या निधनामुळे तहकूब झाली. नंतर सण आले. 'तहकूब' हा शब्द कानावर पडला की मी कॅलेंडरवर दिवस मोजायला लागायचो. रात्रंदिवस मला त्यांचा गळा दिसायचा. मी भांडायचो, "आण्णा, तुमच्या पक्षातलं दुसरं कुणीतरी बोलेल." ते म्हणायचे, "बोलंल की. पर एकदा माझ्या तोंडातनं मंजूर बाहीर पडलंय. ते पुसायचं ते मीच पुसायला पायजे." एकदा मी वैतागून म्हणालो, "आण्णा, गाठीला गणपूर्ती लागत नाही." ते खूप हसले. हसताना ठसका लागला, आणि तोंडावर धरलेला रुमाल त्यांनी मला दिसू न देता खिशात घातला.

एका दुपारी वहिनी दुकानात आल्या. "भावजी, खरं सांगा. ह्यांचा नुस्ता घसा बसलाय का आनि काय हाय? आताशा 'अगं ए' बी म्हणत न्हाईत. भाकरी पायजे झाली की ताट वाजवत्यात." मला खोटं बोलणं जमत नाही. मी खोकल्याची एक बाटली उचलली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचत राहिलो. वहिनींनी ती बाटली माझ्या हातातून काढून फळीवर ठेवली. "कळलं," म्हणाल्या आणि गेल्या. संध्याकाळी त्या अंबाबाईला जाऊन सभा लवकर होऊ दे म्हणून ओटी बोलून आल्या. देवीपुढं गणपूर्तीसाठी पदर पसरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

अखेर सभा लागली. तोवर आण्णांच्या गळ्यातून वारा तेवढा येत होता. मी आणि वहिनी सज्जात बसलो होतो. सगळ्या प्रभागांतल्या बायका आल्या होत्या, बसायला जागा नव्हती. महापौरांनी विषय पुकारला आणि आण्णा उठले. समोरच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आण्णा, आज 'ना' जरा लांब लावा." हशा झाला. आण्णांनी माईक ओढून तोंडाशी घेतला. इतकी वर्षं त्यांच्यापुढचा तो माईक कुणी सुरू तरी केला असेल का, असं मला वाटून गेलं. आधी खरखर आली, मग त्या खरखरीतून शब्द आले.

"आवाजी नगं. आवाजाला तोंड नसतंय. आवाजात माझं नामंजूर बी मंजूर हुतंय. हात वर करायला सांगा. वर सज्जात तुमचीच माणसं बसल्यात. कुणाचा हात हाय ते बघू दे त्यास्नी."

एवढं बोलून ते बसले. महापौरांनी सचिवांकडे पाहिलं. मागणी नियमाला धरून होती. "ठरावाच्या बाजूचे हात वर करा," महापौर म्हणाले. गलका करणारे बाक एकाएकी, घरी पाहुणे आल्यावर पोरं होतात तसे शहाणे झाले. पुढच्या रांगेतल्या एकानं हात अर्धा उचलला, वर पाहिलं. सज्जाच्या कठड्यावर वाकून त्याची चुलती त्याच्याकडेच बघत होती. तो हात तसाच डोक्यावर गेला, डोकं खाजवून खाली आला. त्याच्या शेजारच्याचंही डोकं खाजायला लागलं. वर राहिलेले हात पुरेसे नव्हते. ठराव पडला.

खाली आवारात पोरांनी गुलालाची पोती फोडली. लोक आनंदानं नाचत होते आणि मी रुमाल घेऊन गर्दीत घुसत होतो, कारण त्या गळ्यात गुलाल गेला तर काय होईल याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. माझ्याआधी वहिनी पोचल्या. त्यांनी आपला पदर आण्णांच्या तोंडावर दाबून धरला आणि तसंच त्यांना रिक्षात बसवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली आणि आता किरणांवर भागणार नाही एवढंच सांगितलं.

त्यानंतर आण्णा बरीच वर्षं जगले, बिनआवाजाचे. बोळाच्या तोंडाशी उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि मी बाहेर यायचो. दुसरा सुरेशही यायचा. पुढे घरफाळा वेगळ्या वाटेनं थोडाफार वाढला, मीही मुकाट्यानं भरतो. म्हणून मी कधीकधी स्वतःशी भांडतो, की एका ठरावापायी या माणसानं गळा घालवला तो कशासाठी. पण पेठेत आता तालीम मंडळाच्या बैठकीतसुद्धा कुणी 'मंजूर' ओरडत नाही, हात वर करतात. गेल्या वर्षी आण्णा गेले. त्यांची आठवण झाली की मला सभागृह आठवत नाही, शस्त्रक्रियेची सकाळ आठवते.

कार्यकर्ते व्हरांड्यात जमले होते. आण्णांचा शेवटचा आवाज मोबाइलवर घेऊन ठेवावा म्हणून एकजण आत आला. आण्णांनी नुसता हात हलवून ते नामंजूर केलं. तो बाहेर गेला. न्यायला माणसं आली, तेव्हा आण्णांनी वहिनींना खुणेनं जवळ बोलावलं. मी त्यांच्या पायाशी उभा होतो. ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं, ते 'शालन' म्हणाले होते. वहिनी वाकल्या, आणखी वाकल्या, कान पार त्यांच्या तोंडाला लावला.

"जरा मोठ्यानं बोला की," त्या म्हणाल्या. "ऐकू येईना मला."