न वाजलेली गाडी

गॅरेजमध्ये नव्या रबराचा नि ग्रीसचा वास आला की मला पवनीतलं आमचं घर आठवतं. माझ्या इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाचा आवाज नाही. पण पुढचा स्वे बार, म्हणजे वळणावर गाडीला कलू न देणारी दांडी, सैल झाला होता आणि खड्डा आला की गाडी खडखडायची. काचबिंदूने आईची नजर गेलेली. दर शनिवारी मी गावी येताना घराजवळच्या राईस मिलच्या वळणावर तो खडखडाट झाला की ती खाटेवरूनच वहिनीला सांगायची, “भात टाक वं, तो आला.” मी हातपाय धुऊन बसेपर्यंत वाफाळता भात ताटात असायचा. मग आई खंगत गेली. तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं, तर हादरे बसू नयेत म्हणून मी नवा बार बसवून घेतला. मेकॅनिक म्हणाला, “आता ग्लासातलं पाणीबी हालणार नाई, भाऊ.” खरंच, त्या शनिवारी गाडी बिनआवाज अंगणात आली. आई रस्त्याकडे कान लावून पडली होती. वहिनीला म्हणत होती, “आत्ताच भात नोको टाकू, थंडा होईन. तो कुठी आला अजून?” मी तिचा हात धरला. “आई, आलो न मी.” तिने माझी बोटं चाचपली आणि तापाच्या ग्लानीत म्हणाली, “कायले समजावता मले? गाडी तं वाजलीच नाई.” त्याच दुपारी, माझा हात हातात धरून, माझी वाट बघत ती गेली. अजूनही त्या वळणावर मी हॉर्न वाजवतो. घरी पोचतो तेव्हा भात टाकलेला नसतो.