मोकळी फळी

अमळनेरला आमच्या घरावर मजला चढत होता. विटा वाहणाऱ्या अक्का म्हणाल्या, “भाऊ, परांचीनी फळी बांधेल नही शे.”

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. मला कोण सांगणार? “काही होत नाही,” म्हणत मी फळीच्या टोकावर उभा राहिलो. तरफेचा धडा मी दरवर्षी शिकवायचो, पण तो नीट समजला होता फळीलाच. खाली वाळू होती म्हणून मनगटावर निभावलं.

अक्का तर डोक्यावर घमेलं घेऊन दिवसभर त्याच फळीवरून जायच्या. हे माझ्या ध्यानात आलं हात प्लास्टरमध्ये गेल्यावर! मग काम थांबवलं, फळ्या बांधल्या, कठडा लावला. कठडा हलवून बघत अक्का म्हणाल्या, “आते बरं शे.”