धाकटीनं लावलेला दिवा

ताईच्या पोटात दुखायचं, उगाच आडपडदा कशाला ठेवायचा. दिवसभर लॉन्ड्रीत उभं राहून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची, घरी येऊन बाबांची अंघोळ, औषध, जेवण बघायचं, आणि कौतुक कुणाचं? धाकटीचं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

धाकटी परदेशात. गेल्या सुट्टीत आली ती बोलका स्पीकर, कॅमेरा आणि फोनवरून लागणारा दिवा बसवून गेली. काचबिंदूनं बाबांची नजर नेलेली, उजेड तेवढा कळायचा. संध्याकाळी दिवा लागला की भेटेल त्याला सांगत, "सातासमुद्रापलीकडून लावते पोरगी. याला म्हणतात माया." ताई तेव्हा त्यांचे पाय चेपत असायची.

एकदा ती ताट वाढत असताना स्पीकर बोलला, "ताई, बाबांना स्वेटर घाल ना, गारठलेत ते." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे बसून हुकूम सोडायला काय जातंय!

तिनं नेटवाल्याला सांगून वाय-फायचा पासवर्ड बदलून घेतला आणि धाकटीच्या त्या तिन्ही यंत्रांना नवा दिलाच नाही. घर शांत झालं. ताई पाणी प्यायला बसते तोच स्पीकर पुन्हा म्हणाला, "बाबा, जेवलात का?" ताई चाटच पडली. मग आठवलं, बसवायच्या दिवशी घरचं नेट बंद होतं, म्हणून धाकटीनं वरच्या शिक्षिकाबाईंचं जोडून घेतलं होतं. घरचं तुटलं तशी ती तिन्ही कार्टी गुपचूप वरच्या नेटला जाऊन चिकटली होती.

ताई वर गेली. "बाई, तुमचं नेट कुणीतरी फुकट वापरतंय हो. पासवर्ड बदला बरं," असं साळसूदपणे सांगून आली. बाईंनी लगेच बदलला.

"ताई, तिकडचं सगळं बंद का दाखवतंय?" धाकटीचा फोन आला.

"लाईन खराब आहे. वेळ लागेल," ताई म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर घरात काळोख. बाबा खुर्चीत ताठ बसलेले, तोंड दिव्याकडे. भिंतीवरचं बटण त्यांच्या हाताशी होतं.

"बाबा, असे अंधारात का बसलात?"

"लावेल ती. कामात असेल."

कधीपासून बसले होते कुणास ठाऊक. ताईला त्यांचा राग आला, धाकटीचा आला, आणि त्या ताठ मानेकडे बघून रडूही आलं. फोनवरून दिवा लागावा म्हणून बटण कायम चालूच असायचं; तिनं ते हळूच बंद करून पुन्हा दाबलं. दिवा लागला.

बाबांचा चेहरा खुलला. "बघ," ते म्हणाले, "उशीर झाला, पण विसरली नाही."

ताईचं बोट अजून बटणावरच होतं. मी लावलाय, मी, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही हो बाबा," ती म्हणाली, "ती कशी विसरेल."