घोटलेली फरशी

मिस्त्रींना सगळे 'आरसा' म्हणत. त्यांनी घोटलेल्या जमिनीत बघून म्हणे भांग पाडता यायचा. लोक काय, वाढवून सांगतात. पण चाळीस वर्षं थापी फिरवून त्यांच्या मनगटाला अशी सवय जडली होती, की ताटातला भातही ते आधी सारखा करून घेत आणि मगच घास उचलत. बायको विचारायची, "जेवताय की गिलावा करताय?"

त्यांची एकुलती एक लेक बागा आणि मोकळ्या जागा आखायचा डिप्लोमा करून एका मॅडमच्या ऑफिसात लागली होती. तीन वर्षं दुसऱ्यांचे नकाशे रंगवल्यावर पहिल्यांदाच तिच्याकडे अख्खं काम आलं, एका हॉस्पिटलच्या मधल्या चौकाचं. चौकात एक जुनं थोराड झाड होतं. कुणा शहाण्याने पार बुंध्यापर्यंत सिमेंट करून टाकलेलं, त्यामुळे मुळांना पाणी मिळेना आणि झाड शेंड्याकडून वाळत चाललं होतं. ते सिमेंट उखडून तिथे पाणी पिणारं काँक्रीट घालायचं, असा लेकीचा बेत होता. "हे नीट पार पाड, पुढची कामंही तुझीच," असं मॅडमनी तिला सांगितलं होतं. ठेकेदाराला मिस्त्री तिनेच सुचवला. दुसरा कोण, तिचे बाबा.

त्या काँक्रीटचा एक तुकडा तिने घरी आणला. त्यात वाळू नव्हतीच, नुसती खडी आणि ती धरून राहील इतपत सिमेंट. मोरीत तुकडा धरून तिने वरून तांब्याभर पाणी ओतलं, तर ते सगळं खालून बाहेर आलं.

"अगं, हे तर गळतंय!"

"गळायलाच हवं, बाबा. ही भोकं उघडी राहिली पाहिजेत. वरून फक्त रूळ फिरवायचा आणि लगेच प्लॅस्टिकने झाकायचं. थापी लावायची नाही. अजिबात नाही."

"कळलं गं. मी काय काल आलोय या धंद्यात?"

काल आले असते तर बरं झालं असतं.

तीन दिवस काम सुरळीत चाललं, कारण लेक डोळ्यांसमोर होती. चौथ्या दिवशी फक्त बुंध्याभोवतीचा भाग राहिला. नेमकं तेव्हाच मॅडमनी तिला रोपं निवडायला नर्सरीत बोलावलं. "तुम्ही आहात म्हणून निर्धास्त जाते, बाबा," असं म्हणून ती गेली.

मिस्त्रींनी खडी पसरली, रूळ फिरवला. प्लॅस्टिक उलगडणार, तेवढ्यात काठी टेकत जाणारे एक पेशंट थांबले. "हे असंच खडबडीत ठेवणार? कुणाचं काम म्हणायचं हे?"

"माझ्या लेकीचं," मिस्त्री छाती काढून म्हणाले आणि मग त्यांनी खाली बघितलं. देवीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्यासारखी दिसत होती ती फरशी. पोरीचं पहिलं काम आणि लोक नाकं मुरडणार, म्हणणार बाप मिस्त्री असून ही तऱ्हा! त्यांना ते सहन होईना. घमेल्यात सिमेंट पातळ कालवलं, वरून फिरवलं आणि थापी हातात घेतली. दोघा बिगाऱ्यांपैकी एक म्हणाला, "ताईंनी नको सांगितलंय ना?" मिस्त्री म्हणाले, "वरचेवर फिरवतोय रे, नखाएवढं." जित्याची खोड, असं आपण म्हणू. पण खोड निम्मीच, बाकीची माया होती, आणि मायेला कोण आवरणार?

झाकल्यापासून आठव्या दिवशी प्लॅस्टिक काढलं. मॅडम, ठेकेदार, हॉस्पिटलचे साहेब, सगळे हजर होते. बुंध्याभोवती फरशी लखलखत होती. मॅडमनी बादलीभर पाणी ओतलं. पाणी जागचं हललं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्यावर एक वाळकं पान तरंगत राहिलं.

"आरसा, थापी लावलीत?" ठेकेदाराने विचारलं.

मिस्त्री तोंड उघडणार, त्याआधीच लेक म्हणाली, "त्यांची चूक नाही. मी त्यांना सांगायलाच विसरले."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही. बोलायची वेळ तीच होती, पण चाळीस वर्षांची अब्रू आडवी आली आणि ते वाकून पाण्यावरचं वाळकं पान उचलू लागले. तो बिगारी घमेलं उचलून बाजूला झाला. मॅडमनी लेकीच्या हातातला नकाशा काढून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "उद्यापासून मी बघते. तू येऊ नकोस."

घरी आल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "असं का बोललीस?"

"या वयात तुमचं नाव गेलं असतं तर परत आलं नसतं. माझं काय, मिळेल दुसरीकडे."

मिळालं नाही. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात आणि विसरभोळी सुपरवायझर कुणालाच नको असते. यंत्राने ती फरशी फोडताना मुळं तुटली. झाडाची ती बाजू पुन्हा पालवली नाही. लेक आता टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवते. मिस्त्री रोज ठरवायचे, उद्या मॅडमकडे जाऊन खरं सांगायचं. पायात चपला घालायचे आणि दारातूनच परत फिरायचे. मग चपला घालणंही बंद झालं.

परवा ठेकेदाराचा फोन आला. मिस्त्रींना अलीकडे कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठाच असतो. लेक समोर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"नव्या हॉलची जमीन घोटायचीय, आरसा. तुमच्याशिवाय कुणाचं नाव सुचलं नाही. आणि घाबरू नका, या वेळी देखरेखीला चांगला माणूस आहे. तुमच्या लेकीसारखा विसरभोळा नाही."

लेकीचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा घडी घालू लागले.

"बरं," मिस्त्री म्हणाले. "किती वाजता येऊ?"