कुडामागची धवलारीण

टेपाच्या वाडीत भटजीवाचून लग्न लागायचं, धवलारणीवाचून लागायचं नाही. मुरबाडचा भटजी आला तर आला. पावसाने वाट धरली किंवा गाडी मिळाली नाही तर त्याची कोणी वाट बघत बसत नसे. धवलारीण मात्र वाडीतलीच हवी. हळद लागल्यापासून गाठ बांधेपर्यंत तिचा धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, मांडवात चालू राहिला पाहिजे. ती आधी धरतरीला बोलावते, मग पाण्याला, मग गावदेवीला, मग दोन्ही घरांतल्या मेलेल्या माणसांना, आणि सगळ्यांत शेवटी नवरीचं नाव घेते. नाव घेतलं की गाठ बांधायची. नाव घेतलं नाही तर पोरगी कुवारीच. बाईच्या तोंडाला एवढा मान दुसऱ्या कुठल्या कामात आहे, ते कोणी शोधून दाखवावं.

पण त्या मानाला एक खोड होती. धवलारीण सवाशीणच पाहिजे. खाली बंदरपट्टीच्या गावांत म्हणे असलं काही बघत नसत. टेपाच्या वाडीत बघत. नवरा मेला की बाईच्या बांगड्या फुटायच्या आणि धवला त्याच दिवशी बंद व्हायचा.

गोजरचा तसाच बंद झाला होता. तिच्यासारखी धवलारीण काळू नदीच्या दोन्ही काठांवर नव्हती असं जुनी माणसं सांगायची. पण नवरा गेला आणि तिने मांडवाकडे पाठ केली ती केलीच. कोणाला दोष दिला नाही, कुरकुर केली नाही. त्याआधीच तिने सून रंभाला सगळे धवले शिकवून ठेवले होते, आवणीच्या चिखलात वाकल्या वाकल्या, भात कांडताना, लाकडाची मोळी आणताना. एक शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. रंभा रडकुंडीला यायची, पण शिकली.

आणि शिकली ती अशी की लोक सासूला विसरले. रंभा विशीतली, सडपातळ, एरवी चारचौघांत मान वर न करणारी. पण मांडवात उभी राहिली की पाटलापासून गड्यापर्यंत सगळे गप्प. तिला ते फार आवडायचं, आणि आवडतं हे ती लपवायची नाही. नवरा धर्मा चेष्टा करायचा, "घरात मला एक शब्द नाय, आन मांडवात देवाला हाका!" धर्मा भला माणूस होता. भात झोडून झालं की तो उंबरमाळीच्या रानात कोळशाच्या भट्ट्यांवर जायचा आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचा.

साल अडतीस-एकोणचाळीसचं. त्या फाल्गुनात वाडीत लागोपाठ तीन लग्नं निघाली. तिसरं आणि सगळ्यांत मोठं महादू पाटलाच्या थोरल्या पोरीचं, कमळचं. तिला शहापूरकडच्या गावात दिली होती. रंभाने तिन्ही मांडव गाजवले. कमळच्या हातांवरची हळद अजून गेली नव्हती, तेव्हा धर्माबरोबर भट्टीवर असणारा बारकू काठी टेकत टेकत वाडीत आला. डोळे खोल गेलेले, तोंड सुकलेलं. तो दारात बसला आणि रडायला लागला.

धर्मा हिवतापाने गेला होता. तिथेच रानात त्याला अग्नी दिला होता. बारकू स्वतः तापात पडला होता, म्हणून खबर इतकी मागे राहिली.

रंभाच्या बांगड्या गोजरने स्वतःच्या हाताने फोडल्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. एकीचा मुलगा, एकीचा नवरा. दहावं-बारावं होईपर्यंत वाडीही हळहळली. मग पाणवठ्यावर कोणीतरी हिशेब घातला. धर्मा गेला तो होळीच्या आधी. लग्नं लागली होळीनंतर. म्हणजे तिन्ही पोरींची नावं विधवेच्या तोंडून निघाली होती.

झालं! वाडीच्या तोंडचं पाणी पळालं. कोणी म्हणे लग्नं पुन्हा लावा, कोणी म्हणे लागलीच नाहीत तर पुन्हा कसली लावता. कमळच्या सासरहून निरोप आला की पोरीला घेऊन जा, नाहीतर काय ते निस्तरा. कमळ तर तिकडे नांदायला लागली होती. लग्न खोटं म्हणावं तर पाटलाची पोर परक्या घरात बिनलग्नाची राहिली असं व्हायचं. खरं म्हणावं तर विधवेचा धवला चालतो असं व्हायचं. पाटलाची इकडे आड तिकडे विहीर अशी गत झाली.

गावदेवीच्या पारावर पंच बसले. बाया लांब, झाडाखाली. महादू पाटील गावचा धूर्त माणूस, त्याने तोड काढली.

"लग्नं खरी," तो म्हणाला. "रंभाला तवा ठावं कुठं व्हतं? कुंकू माणसाबरोबर नाय जात, खबरीबरोबर जातं. खबर येईस्तोवर ती सवाशीण व्हती. आता नाय."

माणसांनी माना डोलावल्या. पोरींचं कल्याण झालं, रीतही राहिली. साप मेला आणि काठीही वाचली.

तेव्हा झाडाखालून रंभा उठली. तिने पदर कपाळावर ओढलेला होता, पण आवाज मांडवातलाच होता.

"पाटील, मी एक इचारते. बारकू रानातच मेला असता, खबर आलीच नसती, तर मी जलमभर सवाशीण राह्यले असते?"

पाटील पंचांकडे बघायला लागला.

"म्हंजे बाई नवरा मेल्यानं रांडाव होत नाय. तुमी सांगितल्यानं होते!"

 गोजरनेच तिचा हात धरून तिला खाली ओढलं. "गप गो," ती कुजबुजली. "मी सोडला, तू पण सोड. आपल्या नशिबात तेवढंच."

त्या दिवशी रंभाला धर्माच्या मरणापेक्षा सासूचा राग जास्त आला. असा राग येतो म्हणून तिला स्वतःची लाजही वाटली, पण आला तो आला.

पुढल्या माघात वाडीची अक्कल ठिकाणावर आली. धवले येणारी दुसरी बाईच नव्हती. पलीकडच्या गावची एक आणली, तिने निम्मे धवले गाळले आणि नवऱ्याच्या आजाचं नाव नवरीच्या आजाला लावलं. मग पुन्हा पाटलानेच युक्ती काढली. रंभाने घरात, कुडामागे बसून म्हणायचं. मांडवात तिच्या जागी एखादी सवाशीण उभी राहील, ती नुसते तांदूळ टाकील. नवरीने पाया पडायचं ते त्या सवाशिणीच्या. आवाज चालतो, तोंड चालत नाही! कारवीच्या काठ्या आणि वर शेणाचा गिलावा, एवढ्या आडोशाने अपशकुन अडतो, हे शास्त्र टेपाच्या वाडीलाच सुचावं.

रंभाने हो म्हटलं. का म्हटलं असं तिला पुढे पोरी विचारायच्या. ती सरळ सांगायची, "धवल्याची भूक लागली व्हती गो." मागच्या दाराने यायचं, अंधाऱ्या कोपऱ्यात बसायचं, सोबतीला गोजर, आणि वरात निघाली की मागच्या दाराने जायचं. अशी किती लग्नं तिने लावली आणि त्यांतल्या एकाही नवरीचं तोंड पाहिलं नाही.

मधल्या काळात लढाई आली, रॉकेल आणि कापड महाग झालं. पाटलाची धाकटी सुंदरा मोठी झाली. ही पोर लहानपणापासून रंभाच्या ओटीवर पडून असायची. तिला धवल्याचं वेड. रंभाने तिला सगळे शिकवले, गोजरच्याच पद्धतीने, चुकली की पहिल्यापासून. पुढची धवलारीण सुंदरा, हे वाडीने धरूनच ठेवलं होतं.

लढाई संपली त्या साली सुंदराचं लग्न निघालं. मांडव भरलेला. कमळ सासरहून दोन पोरं घेऊन आलेली. सवाशीण म्हणून पाटलाची चुलतसून उभी. कुडामागे रंभा आणि गोजर.

रंभाने धरतरीला बोलावलं, पाण्याला बोलावलं, गावदेवीला बोलावलं. दोन्ही घरची मेलेली माणसं एकेक करून आली. बाहेर मांडवात सुंदरा तिच्याबरोबर हलक्या ओठांनी म्हणत होती. कुडाला कान लावला की ऐकू येत होतं. आता फक्त नाव राहिलं. आणि रंभाच्या मनात आलं, हिचा नवरा उद्या मेला तर हिलाही इथेच आणून बसवतील. याच कोपऱ्यात. आणि मीच हिला शिकवून तयार केली आहे.

तिचा आवाज थांबला.

मांडवाला वाटलं, श्वास घेत असेल. मग कुजबूज सुरू झाली. गाठ बांधायला पदर धरलेली बाई तशीच उभी. महादू पाटील कुडाजवळ आला. "रंभा, नाव घे ना गो."

"घेते. मांडवात येऊन घेते."

"आता कुठं ह्यो हट? पोरगी उभी हाय!"

"मला ठावं हाय ती उभी हाय. मी तिच्यासमोर उभी राहीन, तवाच घेईन."

पाटील चिडला. मग त्याला आठवलं की आत दुसरीही आहे. तो म्हणाला, "म्हातारे, तू घे. तुला सगळं येतं. एक नावच तर राह्यलंय."

सगळा मांडव कानात प्राण आणून थांबला. रंभाने अंधारात सासूकडे पाहिलंही नाही. तिला खात्री होती की म्हातारी आता नाव घेईल. जन्मभर जिने रीतच पाळली, ती आज पाटलाच्या पोरीचं लग्न मोडू देणार होती थोडीच?  आपण हरलो असंच तिने धरलं.

"मला नाय येत," गोजर म्हणाली.

"तुला नाय येत? तुला?"

"इसारले. म्हातारी झाले."

 मग कमळ पुढे आली. धाकटं पोर कडेवर, मोठं पदराला. ती बापाच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, माझं नाव हिनंच मांडवात उभी राहून घेतलं व्हतं ना?" एवढंच. पाटलाने दोन्ही पोरांकडे पाहिलं, आणि दारातून बाजूला झाला.

रंभा बाहेर आली. एकटी आली नाही, म्हातारीला हाताला धरून आली. दोन उघडी कपाळं मांडवाच्या मधोमध उभी राहिली तशी चार घरची माणसं जेवणावर पाणी सोडून उठून गेली. त्यांना कोणी अडवलं नाही. सुंदरा रडत होती. रंभालाही रडू फुटलं, आणि तुटलेला धवला पुढे कुठून धरावा ते तिला सुचेना.

तेव्हा तिच्याशेजारून एक फाटका, थकलेला आवाज निघाला. धवला तुटला तर पहिल्यापासून, ही रीत गोजरचीच. तिने धरतरीला हाक मारली, मग पाण्याला, मग गावदेवीला, मग दोन्ही घरच्या मेलेल्यांना, एकालाही न गाळता. एक शब्द चुकला नाही. नाव तेवढं तिने रंभासाठी ठेवलं.