बेंडपासून हातभर

कारखान्यात त्यांना सगळे मीटरवाले काका म्हणत. पाइप न कापता आतून किती पाणी वाहतं ते सांगणं, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. बाहेरून दोन सेन्सर पट्ट्यांनी आवळायचे. एकातून निघालेला, कानाला न कळणारा आवाज पाण्यातून दुसऱ्यापर्यंत जातो; त्याला लागलेल्या वेळावरून पाण्याचा वेग निघतो. सेन्सर नीट बसवला तर मीटर खोटं बोलत नाही, असं ते छातीठोकपणे सांगत.

गेल्या महिन्यात पंपहाउसवर नवा मीटर बसला आणि घोटाळा उघड झाला. तिथून तासाला शंभर घनमीटर पाणी निघे. त्याच पाइपावरचा भट्टीजवळचा जुना मीटर एकोणनव्वदच दाखवी. पंपावर कामाला होता काकांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हा मधला पाणी सोडायचा वाल्व्ह उघडा टाकून झोपा काढतो, असं इंजिनिअर मॅडमचं मत झालं. कारण सापडलं नाही तर सोमवारपासून त्याला घरी बसवणार होत्या.

"भाऊजी, खरं सांगा, डोळा लागला होता?"

"लागेल कसा? इथे पंप, घरी तुमची बहीण. झोप मिळाली कुठे?"

काकांनी आधी नवा मीटर तपासला. त्यात खोट निघावी, अशी मनातून इच्छा होती. पण रंग धातूपर्यंत खरवडलेला, ग्रीस पुरेसं, सेन्सर पाइपाच्या बरोब्बर कुशीला. बोट ठेवायला जागा नव्हती.

मग ते भट्टीकडे गेले. जुना मीटर सहा वर्षांपूर्वी त्यांनीच बसवलेला. पाहिलं, तर सेन्सर बेंडपासून जेमतेम हातभर. वळून आलेलं पाणी तिथे घुसळत असतं; आठ इंची पाइपाला निदान दोन मीटर सरळ धाव हवी. सरळ भाग उंचावर होता. शिडी आणायला कोण जाणार, असं तेव्हा वाटलं होतं, तेही आठवलं.

या खेपेला त्यांनी शिडी आणली. वर चढून पाइप घासला, घेर मोजला, ग्रीस लावलं, दोन सेन्सरमधलं अंतर दोनदा ताडून पट्टे आवळले. आकडा हलला, स्थिरावला. नव्याण्णव पूर्णांक चार.

"आधीचा कोणी बसवला होता?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"म्हणजे सहा वर्षांचे सगळे आकडे..."

"चुकीचे. पंपावरच्या माणसाचा काही दोष नाही."

"लेखी द्या."

त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. बाहेर येऊन त्यांनी बहिणीला फोन लावला.

"काय निघालं रे दादा?"

"माझी चूक निघाली."

"सुटले बाई मी."

"अगं, सगळ्या कारखान्यात माझी शोभा झाली."

"होऊ दे. तुला कोण काढतंय?"

काका शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर हसले.